वाचनालयाखालचं पाणी

नारदश्त, १४ ऑक्टोबर २०१८

दादा,

तारीख तुमच्याकडची टाकली आहे, इराणी नाही, म्हणजे तुला बोटं मोजत बसायला नको. पत्ता शोधायला फार कष्ट पडले नाहीत. आपल्या आतेबहिणीला, फिरोझेला, सगळ्यांचे पत्ते आणि सगळ्यांची दुखणी अजून तोंडपाठ आहेत. तुझ्या गुडघ्यात आता लोखंड आहे आणि तू टोरांटोत तिसऱ्या मजल्यावर राहतोस, एवढं तिने न विचारताच सांगितलं. लिफ्ट नाही म्हणे. आर्किटेक्टने लिफ्ट नसलेलं घर घ्यावं, हे तुलाच जमतं.

तेवीस वर्षं आपण बोललो नाही. हे पत्र ख्यालीखुशाली विचारायला नाही, कामाचं आहे. तेव्हा सरळ कामावर येते.

वाचनालय खचतंय.

हस. तुझा हक्क आहे. हसून झालं की पुढे वाच.

मधला भाग सात सेंटिमीटर खाली गेला आहे. मोठ्या दालनाचं दार लागेना म्हणून ग्रंथपालाने सुताराकडून तीनदा रंधा मारून घेतला. चौथ्यांदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "खानुम, आता दार उरलंच नाही." तेव्हा मी माणसं पाठवून मापं घेतली. कारण तुलाही माहीत आहे आणि मलाही. इमारतीच्या पोटाखालून ती भुयारी नहर जाते, आणि तिचं छत ढासळत आलंय.

कुलगुरू डॉ. साबेतींनी समिती बसवली. समितीचं म्हणणं असं, की नहरीत काँक्रीट ओतून ती कायमची भरून टाकायची, वाचनालय पाडायचं आणि त्याच जागी आठ मजली इमारत उभी करायची. चित्रही तयार आहे. चित्रात काचा आहेत, झाडं आहेत, हसणारी मुलं आहेत. नहर भरली की खालच्या अंजीरक गावातल्या डाळिंबांना पाणी कुठून येणार, ते चित्रात नाही.

मी हे होऊ देणार नाही. आराखडा कार्यालयाची प्रमुख मी आहे, नोकरीची दोन वर्षं उरली आहेत आणि आवाज अजून खणखणीत आहे. मला हवाय तो तुझा १९७५चा सात नंबरचा नकाशा. नहर नेमकी कुठून जाते ते त्यात, तिच्यात उतरायच्या विहिरींच्या खोलीसकट आहे. देश सोडताना तो तू कार्यालयातल्या तुझ्या कपाटातून काढून नेलास. मी कुणाला सांगितलं नाही; "गहाळ" अशी नोंद केली.

आता तो परत कर.

बेहजत


नारदश्त, ९ डिसेंबर २०१८

दादा,

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. "नकाशा हवाय की माफी?"

नकाशा.

माफी कशाबद्दल मागायची ते तूच सांग. १९७५ मध्ये तू हे विद्यापीठ आखलंस तेव्हा बाराशे विद्यार्थी येणार होते. मातकट विटांच्या सहा इमारती, तीन इकडे, तीन तिकडे, आणि मध्ये शेहेचाळीस मीटरचा मोकळा पट्टा, कारण त्याखाली पाणी. सत्तावीस वर्षांचा होतास तू. राजधानीतून आलेल्या साहेबांना तिथे कारंजी हवी होती, आणि तू त्यांच्या तोंडावर सांगितलंस की या पट्ट्यावर एक वीटही चढणार नाही. मी पंधरा वर्षांची, मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभी असायचे. तुझा मला केवढा अभिमान वाटायचा, ते तुला कधी कळलं नाही, कारण तू टेपच्या आकड्यांकडे बघत असायचास.

पण तू आखलेलं विद्यापीठ जसंच्या तसं राहील असं तू धरून चाललास. ते राहिलं नाही. इराकशी युद्ध झालं तेव्हा खुझिस्तानातून आलेली कुटुंबं दोन वर्षं वर्गांत राहिली. तुझ्या त्या लांब ओसरीत त्यांच्या चुली पेटायच्या. छताची काजळी अजून निघालेली नाही, मीही काढू दिलेली नाही. मग मुलींसाठी वेगळं फाटक आलं. पट्ट्याच्या मधोमध भिंत आली. मग वसतिगृहं, त्यांच्या टाक्या, त्यांच्या सायकली. १९९४ मध्ये नऊ हजार विद्यार्थी होते आणि वाचायला खुर्च्या एकशे चाळीस. त्या मुलगे सकाळीच अडवून ठेवायचे. मुली जिन्यात बसून वाचायच्या, एका पायरीवर एक. वर जायचं तर प्रत्येकीला गुडघे आवळून घ्यावे लागायचे. तू तेव्हा तेहरानची कामं घेऊन बसला होतास. ते आवळलेले गुडघे मी रोज बघत होते.

उत्तरेला लष्कराचं कुंपण, दक्षिणेला दुसऱ्यांची शेतं. मोकळा होता तो तुझा पट्टा. तिथे वाचनालय बांधायला तू नकार दिलास, मी सही केली. सहाशे खुर्च्या आल्या, त्यातल्या तीनशे मुलींच्या. त्या खुर्च्यांवर बसून शिकलेल्या मुली आज या गावात डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत. एक तर माझ्याच ऑफिसात माझ्या चुका काढते.

तू मात्र आईसमोर ताट बाजूला सारलंस आणि मला म्हणालास, "तू गवंड्यांची मुनीम झालीस." आईने केलेलं फेसेंजान तसंच राहिलं, अक्रोड-डाळिंबाचा तो रस्सा थिजून गेला. पुढच्या वर्षी तू निघून गेलास. आईच्या मातीलाही आला नाहीस. ते मी काढत नाही.

आणि नहर कोरडी पडली आहे असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मीही तेच धरून चालले.

समितीची बैठक मार्चमध्ये आहे. नकाशा त्याआधी पाठव.

बेहजत


नारदश्त, ३ फेब्रुवारी २०१९

दादा,

नकाशा आला. नळकांडं टपालात थोडं चेपलं होतं, कागदाला काही झालेलं नाही. टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार चहाचे पेले ठेवले आणि ऑफिसातल्या तहमीनेला बोलावलं. माझ्या चुका काढते असं लिहिलं होतं ना, तीच ही. चौतीस वर्षांची आहे, मोजमापात पक्की. तुझं अक्षर बघून म्हणाली, "हे हाताने काढलंय?" मी म्हटलं, "नाही, पायाने."

एकेक विहीर, तिची खोली, दोन विहिरींमधलं अंतर. अकरा मीटरवर पाणी. उस्ताद बमूनने दोराने मोजून सांगितलेले आकडे आणि शेजारी तुझे यंत्राने काढलेले आकडे. फरक कुठेच वितीपेक्षा जास्त नाही. नहरी खोदण्यात आयुष्य घालवलेला तो माणूस शाळेत एक दिवस गेला नव्हता.

मग तहमीनेने कागद खिडकीशी धरला आणि म्हणाली, "खानुम, इथे काहीतरी पुसलंय."

दादा, मी बघितलं. पेन्सिलीचा चौकोन, बरोबर पट्ट्याच्या मध्यावर, आज वाचनालय उभं आहे त्याच जागी. आत तुझ्या अक्षरात: "वाचनालय. पुढे कधीतरी." तारीख १९७६ची.

मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. तहमीनेला वाटलं मला काही झालं; ती पाणी घेऊन आली.

म्हणजे तुलाही तीच जागा सुचली होती. तू ती पुसलीस, हे खरं. पण माझ्यासमोर ताट सारताना तुझ्याच कपाटात हा कागद होता. मला "गवंड्यांची मुनीम" म्हणताना तुला तो आठवला नसेल, असं मी मानत नाही. नकाशा नेलास तो विद्यापीठावरच्या रागाने, असं मी इतकी वर्षं समजत होते; तू तो नेलास हा चौकोन लपवायला.

पण एक आहे. तू फोटोकॉपी पाठवू शकला असतास. फोटोकॉपीत पुसलेली पेन्सिल उमटत नाही, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तू मूळ कागद पाठवलास. तुझ्या एका ओळीच्या पत्रापेक्षा हे मला जास्त कळलं.

आता ऐक. हा कागद मी समितीपुढे ठेवणार आहे, खिडकीशी धरून. साबेती तो चौकोन दाखवून तुझं नाव घेणार, हे नक्की. तुझ्या नावाचा इथे अजून दबदबा आहे. स्थापत्याच्या मुलांना तुझा पट्टा शिकवतात. तो थोडा उतरेल. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

अंजीरकच्या लोकांनाही मी बैठकीला बोलावलंय. पाण्यात ज्यांचा वाटा, त्यांना ऐकल्याशिवाय निर्णय घेता येत नाही असा नियम आहे. तो साबेतींना माहीत नव्हता. आता आहे.

बेहजत


नारदश्त, ६ मार्च २०१९

दादा,

बैठक झाली. काय झालं ते नीट सांगते. आधी एक: डिसेंबरच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पुढे वाचशील तसं कळेल.

आम्ही चौदा जण होतो. साबेती, त्यांचे इंजिनिअर, पाणी खात्याचा एक अधिकारी, मी, तहमीने, आणि अंजीरकहून तिघं. त्यात एक परीजान होती, उस्ताद बमूनची मुलगी. साठीची आहे, डोक्यावरून अंगभर घेतलेली फुलाफुलांची चादर, हात बापासारखे. चहा आला तर म्हणाली, "आधी पाण्याचं बोला, चहा त्याच्याच जिवावर आहे."

मी नकाशा दाखवला. साबेतींना चौकोन दिसला, मी म्हटलं होतं तसाच.

"बघा," ते म्हणाले. "मूळ आर्किटेक्टलाही वाचनालय इथेच हवं होतं. आणि त्यांच्याच सख्ख्या बहीणबाई आपल्याला इथे बांधू नका म्हणतात!"

"हवं होतं," मी म्हटलं. "मग त्याने ते पुसलं. का पुसलं ते शेजारीच लिहिलंय. वाचा मोठ्याने."

त्यांनी वाचलं: अकरा मीटर, वाहतं पाणी.

"चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वाहत असेल," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "हा १९९४चा तपासणी अहवाल. 'नहर कोरडी, वापरात नाही.' कोरडं भोक भरायला कुणाची हरकत असू शकते? सही ओळखता ना, बेहजत-खानुम?"

माझीच होती.

"कोरडी?" परीजान उठली. "साहेब, ह्या बाईंनाच विचारा की. माझ्या बापाने ह्यांना दोराला बांधून खाली सोडलं होतं. वर आल्या तेव्हा घोट्यापर्यंत भिजलेल्या. घरी जायला माझे बूट दिले मी. ते अजून परत आलेले नाहीत."

दोघंतिघं हसले. साबेती हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला स्पष्ट दिसलं की ते मला सुटायला वाट देताहेत. "खानुम, या बाईंचा काही गैरसमज होत असेल," ते म्हणाले.

उस्ताद बमून जाऊन वीस वर्षं झाली. "हो, गैरसमज" एवढं म्हणणं फार सोपं होतं, दादा. परीजानचं कुणी ऐकलं नसतं.

मी उभी राहिले.

"बसून बोला."

"नाही. हे उभ्यानेच बोलायचं आहे. त्यांचा गैरसमज नाही. मी उतरले होते. पाणी वाहत होतं, थंड आणि स्वच्छ. अहवाल मी खोटा लिहिला."

मी सगळं सांगितलं, आता तुलाही सांगते. उस्ताद बमून मला खाली घेऊन गेला ते मला अडवायला नव्हे. तो म्हणाला, "पोरी, मुलींना बसायला जागा हवी, हे कळतं मला. बांध. पण इमारतीखालच्या साठ मीटरमध्ये भाजलेल्या मातीची कडी बसव, एकाला एक लावून, म्हणजे वरचा भार छतावर येणार नाही." मी शब्द दिला. कडी अंदाजपत्रकात लिहिली. वरून हुकूम आला की वाहत्या नहरीवर बांधकामाला मंजुरी मिळत नाही; कोरडी म्हणून लिहा, म्हणजे कडीही नकोत आणि मंजुरीही अडणार नाही. मी लिहिलं. मला वाटलं, इमारत उभी राहू दे, कडी मागून बसवू. मागून कुणी काही बसवत नाही. म्हातारा दर महिन्याला माझ्या दारात यायचा आणि एकच विचारायचा, "कडी कधी?" पाच वर्षं आला. मग यायचा थांबला, कारण मेला. त्याच्या गावाचं पाणी तोवर निम्म्यावर आलं होतं.

खुर्च्या हव्याच होत्या, यावर मी अजून ठाम आहे. तो अहवाल मात्र चूक होता, आणि तो मीच लिहिला, दुसऱ्या कुणी नाही.

पाणी खात्याचा माणूस पुढे वाकला. तो म्हणाला, "हे लिहून द्याल?"

"आत्ता देते."

"लिहून दिलंत तर १९९४ची मंजुरीच रद्द होते. नहर जिवंत ठरते. काँक्रीट ओतता येणार नाही."

"म्हणूनच देते आहे."

साबेती म्हणाले, "आणि तुमची नोकरी?"

"ती तुम्ही बघा. मला फक्त कागद द्या."

दोन पानं लिहिली. तहमीने शेजारी बसली होती. तिने एक तारीख दुरुस्त केली. म्हटलं ना, चुका काढते.

बाहेर व्हरांड्यात परीजानने मला गाठलं. ती आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिने मानलेही नाहीत.

"माझी निम्मी बाग गेली," ती म्हणाली.

"हो."

"बाप मरताना कडी-कडी करत होता."

तिने चादर सावरून घेतली.

"आता बसवाल?"

"बसवीन."

"तुम्ही? तुम्हाला तर घरी बसवणार हे लोक."

"तरी बसवीन."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बघू."

तुझं नाव थोडं उतरलं, माझं पुष्कळ उतरलं. मला त्याचं ओझं वाटत नाही. अंग हलकं झालंय. नवरोज जवळ आलाय. घर झाडायला घेतलंय.

बेहजत


नारदश्त, १५ सप्टेंबर २०१९

दादा,

नवरोजला तू फोन केलास आणि पहिलं वाक्य बोललास, "त्या अकराव्या विहिरीची खोली मी चुकीची लिहिली होती." एवढ्या वर्षांनी बोललास ते हे. मी फोन धरून रडले आणि तुला सांगितलं की लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

त्यानंतर बरंच झालं. एप्रिलमध्ये मला घरी पाठवलं. निरोप समारंभ नाही, भाषण नाही, टेबलावरची झाडाची कुंडी तेवढी नेऊ दिली. चौकशी जूनपर्यंत चालली. मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं, म्हणून ती लवकर संपली. माझ्या जागी तहमीने आली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती घरी आली, बगलेत कागद, आणि म्हणाली, "मला मदत नको आहे, फक्त तुम्ही काय केलं असतंत ते सांगा."

सांगितलं. इमारत सगळी पाडायची नाही. नहरीवर येतो तो मधला भागच काढायचा. दोन्ही टोकं चांगल्या जमिनीवर आहेत, ती उभी राहू द्यायची. आठ मजल्यांची हौस असेल तर लष्कराने सोडलेली उत्तरेची जागा आता मोकळी आहे, तिथे भागवा. आणि माझी अट एकच होती: एकही खुर्ची कमी होता कामा नये. पाडायला सुरुवात व्हायच्या आधी जुन्या व्यायामशाळेत दोनशे वीस खुर्च्या मांडल्या गेल्या. मी स्वतः जाऊन मोजल्या. पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं, माझ्याकडे ते आता नसतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू उभा आहेस ती पायरीसुद्धा मी मंजूर केलेली आहे." त्याने सोडलं.

साबेती सहज तयार झाले नाहीत. पण नहर जिवंत ठरल्यावर त्यांच्याकडे दुसरा आराखडा नव्हता आणि तहमीनेकडे तयार होता. आता ते पाहुण्यांना घेऊन फिरतात आणि "आमचा निर्णय" म्हणून दाखवतात. दाखवू देत.

मधला भाग पाच आठवड्यांत उतरला. कडी भाजायला अंजीरकलाच भट्टी लावली. परीजानचे भाचे खाली उतरायचे, मी विहिरीच्या तोंडाशी छत्री घेऊन खुर्चीवर, आणि समोर परीजान. ती मोठ्याने मोजायची. मी मनात मोजायचे. एकशे बारा कडी. शेवटचं बसलं तेव्हा ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "बापाला सांगून येते," आणि कबरस्तानाच्या रस्त्याला लागली. मला चल म्हणाली नाही. मीही गेले नाही. तो तिचा अधिकार.

पाणी पूर्वीइतकं आलेलं नाही. पण पाळीच्या दिवशी आता शेवटच्या बागेपर्यंत पोचतं. वाळलेली झाडं काढून तिने नवी रोपं लावली आहेत. मी विचारलं, फळ कधी धरेल? म्हणाली, "तुमच्यासारखं मागून-मागून केलं नाही तर चौथ्या वर्षी."

आता उघड्या पडलेल्या जागेवर सगळ्यांचा डोळा आहे. कुणाला तिथे पार्किंग हवंय, कुणाला पुतळा, विद्यार्थी संघटनेला मंच. प्रत्येक जागेला काहीतरी उपयोग लिहावा लागतो, नाहीतर आराखडा मंजूर होत नाही, असं तहमीने वैतागून सांगत होती. दोघींनी मिळून "बसण्याची जागा" असं लिहिलं. खोटं नाही ते. मुलं-मुली तिथे बसायला लागलीच आहेत, जमिनीवर, सावली सरकेल तशी सरकत. भूगोलाची एक मुलगी मला ओळख नसताना म्हणाली, "आजी, पाय काढा ना, माझी वही उडाली." इतकं छान वाटलं.

येतोय असं कळवून तू विचारलंस, कुठे भेटायचं. विमानतळावर मी येणार नाही, तुझ्यासारखेच माझेही गुडघे आहेत. शुक्रवारी पोचशील, फिरोझेकडे झोप काढ, आणि शनिवारी सकाळी दहाला विद्यापीठात ये.

टॅक्सीवाल्याला जुनं फाटक सांगू नकोस, तिथे बँक आहे. बसथांब्यापाशी उतर. आत शिरल्यावर तू लावलेली तुतीची झाडं डावीकडे दिसतील, खूप मोठी झाली आहेत. त्या वाटेने मात्र जाऊ नकोस, ती रसायनशास्त्राच्या मागच्या भिंतीला जाऊन थांबते. तुझ्या ओसरीतून सरळ चालत राहा. जिथे उजवीकडे वळावंसं वाटेल तिथे वळू नकोस. तुझ्या पायांना जे पाठ आहे ते आता तसं नाही.

तू चुकशील. चुकलास की कुणाही मुलीला विचार, वाचनालय कुठे आहे म्हणून. ती विचारेल, "कुठलं आजोबा? इकडचं की तिकडचं?"

मधलं, असं सांग.

ती म्हणेल, मध्ये काही नाहीये.

तिथेच जायचंय, म्हणावं.

बेहजत